अक्काच्या मळखाऊ साड्या

आजारातून उठले तेव्हा माझ्याकडे दोन नव्या गोष्टी होत्या. पाठीत धातूचे रॉड आणि डोक्यात थोडीफार स्पॅनिश भाषा. रॉडचं कौतुक एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरांना आणि स्पॅनिशचं आमच्या ऑफिसला. मणक्याचा टीबी झालेल्या दोघीतिघींनी कुठून तरी माझा नंबर मिळवून फोन केले, तुम्ही यातून कशा निघालात म्हणून. त्यांच्यासाठी लिहून काढावं असं ठरवलं. पण लिहायला बसलं की माझी पाठ बाजूला राहते आणि माझी बहीण पुढे येते. म्हणून तिच्याबद्दलही लिहिते आहे. घाबरलेल्या वाचकांसाठी आधीच सांगते, मी बरी झाले. गोळ्या पूर्ण घ्या, मधेच सोडू नका, तुम्हीही बऱ्या व्हाल.

मी जळगावला ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत एक्सपोर्ट विभागात काम करते. आमच्या नळ्या मेक्सिको, पेरू, इक्वेडोरकडे जातात. प्रमोद, माझे पती, यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगा पुण्यात शिकतो. आणि शोभाअक्का, माझी थोरली बहीण, धुळ्याला देवपुरात राहायची. आई गेल्यावर माझं माहेर तिनंच चालवलं. नोकरीमुळे माझी भाषा शहरी झाली, अक्कानं मात्र अहिराणी सोडली नाही. मी मराठीत बोलायचे, ती अहिराणीत उत्तर द्यायची, आणि आम्हा दोघींना त्यात काही वावगं वाटायचं नाही.

गॅप आहे

वर्षभर पाठ दुखत होती. ऑफिसात म्हणाले खुर्ची बदला, घरात म्हणाले वजन कमी कर. पट्टा झाला, मलम झालं, चोपड्याकडच्या एका हाडवैद्याकडे जाऊन कडकड मोडून घेणंही झालं. मग एक दिवस ऑफिसच्या जिन्यात माझ्या पायातली चप्पल निघाली आणि मी तशीच वर गेले. मागून येणारी मैत्रीण चप्पल हातात घेऊन आली तेव्हा कळलं, की मला कळलंच नव्हतं.

एमआरआय झाला. डॉक्टर फिल्म दिव्यासमोर धरून म्हणाले, "मणक्याला टीबी झालाय. खोकला पाहिजेच असं नाही, ताई." प्रमोद म्हणाले, "डॉक्टर, नाव एकदा बघता का? दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट असेल." डॉक्टरांनी नाव वाचून दाखवलं. खरं सांगते, मला आधी भीती वाटली नाही, लाज वाटली. रिक्षात बसल्यावर प्रमोद हळूच म्हणाले, "लोकांना गॅप सांगू." मी मान हलवली.

आमच्याकडे पाठीचं काहीही झालं की मणक्यात गॅप असते. त्या शब्दाला कोणी नाक मुरडत नाही. आम्ही शेजारी, नातेवाईक, ऑफिस सगळीकडे गॅप सांगितली आणि प्रत्येकानं आपापल्या गॅपवरचा उपाय सांगितला. खरं फक्त अक्काला सांगितलं. फोनवर मला हुंदका फुटला, तर ती म्हणाली, "रडू नको व माय. तू धुयाले ये. आठे डॉक्टर चांगला शे, नि मी शे ना."

कूस

ऑपरेशन धुळ्याला झालं, दिवाळी संपल्यावर लगेच. त्याआधीच्या भीतीबद्दल काय लिहू? पाय पुन्हा चालतील की नाही हे डॉक्टर नक्की सांगत नव्हते आणि मी दर थोड्या वेळानं पायाचा अंगठा हलवून बघत होते. तो हलला की जेवण जायचं.

नंतरचे दिवस म्हणजे सलाईन, इंजेक्शन, अंग पुसणं, आणि कूस. स्वतः कूस बदलायची नाही. दोघींनी धरून, पाठ न वळवता, ओंडका लोटावा तसं सगळं शरीर एकदम फिरवायचं. एका बाजूला आया आणि दुसऱ्या बाजूला अक्का. आया बदलायच्या, अक्का तीच असायची. "चाल, आते सूरतकडे तोंड कर," म्हणायची आणि मला लोटायची. दुसऱ्या कुशीला जळगाव. तिचा मुलगा-सून सुरतेला होते, त्यामुळे दोन्ही दिशांना आपलं माणूस आहे असं तिचं गणित. माझ्या कॉटजवळ एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, ती त्या खुर्चीतच असायची. शेजारच्या मऊ सोफ्यावर मी तिला कधी बसलेलं पाहिलं नाही.

टीबीच्या गोळ्यांनी लघवीचा रंग लालसर केशरी होतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा बेडपॅन उचलल्यावर अक्का ते हातात घेऊनच कॉरिडॉरमध्ये धावली. "सिस्टर, हिले लाल लघवी व्हई ऱ्हायनी, डॉक्टरले बलावा." सिस्टरनं समजावून सांगितलं तरी तिचा विश्वास बसेना. डॉक्टर स्वतः येऊन हसले तेव्हा कुठं ती खुर्चीत टेकली. हा प्रसंग आम्ही पुढे कितीतरी वेळा हसून सांगितला. आता नाही सांगत.

देवपूर

हॉस्पिटलमधून मला अक्काच्या घरी नेलं. जळगावला दिवसभर बघणारं कोणी नव्हतं. पुढच्या खोलीत, फाटक दिसेल अशा दिवाणावर माझा मुक्काम पडला. भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. ते मला पेपरातलं राजकारण वाचून दाखवत आणि मी पडल्या पडल्या वाद घालत असे.

डॉक्टरांनी अंडी सांगितली होती. अक्काच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. तिनं मागच्या पत्र्याखाली एक जुनी शेगडी मांडली, वेगळं पातेलं ठेवलं, आणि नाकाला पदर लावून रोज अंडी उकडली. वाटीत सोलून आणून द्यायची आणि मी खाईपर्यंत कृष्णाच्या फोटोकडे बघत बसायची. गोळ्यांनी मळमळायचं, तेव्हा कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं भरवायची. टीबी म्हटल्यावर माझ्या एका सख्ख्या चुलतीनं फोनवरसुद्धा अंतर ठेवलं असतं, आणि अक्का माझ्या ताटातलं उरलेलं खात होती.

आमच्या घराण्यात लग्नाचा बस्ता बांधायला बसलं की एक वाक्य ठरलेलं असायचं, "अक्काला मळखाऊ घ्या." चॉकलेटी, काळपट जांभळी, वांगी रंगाची, काहीही चालेल, मळ दिसायला नको. कारण मांडवात बाकीच्या मिरवणार आणि अक्का चुलीपाशी असणार हे गृहीत होतं. मला मोतिया, गुलाबी, जरीची. अक्कालाही ते पटलेलं होतं. "मले चालस," म्हणायची, "काम करतांना डाग दिसस नही." तिच्या कपाटात नुसता अंधार होता आणि तो आम्ही सगळ्यांनी मिळून भरला होता. माझ्या आजारपणात तिला दोन साड्या द्याव्यात म्हणून मी प्रमोदना आणायला सांगितलं, तेव्हाही माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मळखाऊ आणा, दवाखान्यात बरी."

त्या थंडीत अक्का बारीक होत गेली. येणारे-जाणारे म्हणायचे, मंगलच्या मागे धावून धावून शोभाअक्काची चरबी उतरून तब्येत मस्त झाली. मीही म्हणायचे. एकदा मी विचारलं, "थकलीस का ग?" ती म्हणाली, "मले काय धाड भरनी शे?" माझी जबाबदारी तिथं संपली.

सुफ्रिर

पडून राहण्याचा कंटाळा हा या आजाराचा मोठा भाग आहे. ऑफिसनं आमच्यासाठी स्पॅनिशचे ऑनलाइन तास लावले होते, ते मी दिवाणावरून चालू ठेवले. फोन डोक्यावरच्या स्टँडला टांगलेला. मॅडमना माझी फक्त हनुवटी दिसायची. त्या पुण्याच्या, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, काही वर्षं स्पेनमध्ये राहून आलेल्या.

'सुफ्रिर' हा शब्द मला ऑफिसात आधीच भेटलेला होता. तक्रारीच्या मेलमध्ये यायचा. पेट्या भिजल्या तर मालानं नुकसान 'सुफ्रिर' केलेलं असायचं. जहाज लांबलं तर मालानं उशीर 'सुफ्रिर' केला. दरपत्रकाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की दर बदल 'सुफ्रिर' करू शकतात. मी वर्षानुवर्षं त्याचं भाषांतर 'होणे' असं करत आले. मॅडम म्हणाल्या, "मंगलताई, हा मुळात दुःखाचा शब्द आहे. सोसणं, भोगणं. बाकी सगळे वापर त्यातून निघाले." म्हणजे आमच्या नळ्या इतकी वर्षं तिकडे सोसत होत्या आणि मला पत्ता नव्हता.

मग आजारासाठी तो कसा वापरायचा ते शिकले. कोणाला पाठीचा, हृदयाचा, मूत्रपिंडाचा त्रास असला तरी तोच शब्द. "आता स्वतःबद्दल बोला," मॅडम म्हणाल्या. मी म्हणाले, सुफ्रो. मी सोसते. आणि मग त्यांनी न विचारताच मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगून टाकलं की मला टीबी आहे. मराठीत हे मी शेजारणीलाही सांगू शकले नव्हते. परक्या भाषेत दुखणं सांगताना लाज कमी वाटते, कारण त्या भाषेत आपली चुलती नसते. तुम्हाला कुणाशीच बोलता येत नसेल तर असा एखादा आडवळणाचा रस्ता शोधा, एवढा सल्ला यातून घ्या.

एखादी व्यक्ती असह्य झाली तर 'मी त्याला सुफ्रिर करू शकत नाही' असंही म्हणतात. मी ते ताबडतोब उकडलेल्या अंड्यांना लावलं. स्वयंपाकघरातून अक्का ओरडली, "काय बडबड करी ऱ्हायनी व?" मी तिला शब्द समजावून सांगितला. ती म्हणाली, "एवढा मोठा शब्द काय कामना? कोणी इचारं तर आपलं 'बरं शे' सांगो नि मोकळं व्हवो."

पुढच्या तासाला 'सुफ्रिदा' आला. जी सोसते आणि बोलत नाही ती बाई. मॅडम म्हणाल्या, "आपल्याकडे सोशिक म्हणतो तसं. कौतुकानंच म्हणतात." मला वाक्य बनवायला सांगितलं. मी विचारही न करता बनवलं, माझी बहीण फार सुफ्रिदा आहे. "छान," मॅडम म्हणाल्या, "आणि गंमत म्हणजे हे कापडाबद्दलही म्हणतात. माझी तिकडची घरमालकीण सोफ्याचं कापड घेताना दुकानदाराला म्हणायची, सुफ्रिदो रंग दाखवा. म्हणजे डाग पडला तरी कळणार नाही असा."

"मळखाऊ," मी म्हणाले. मॅडमनी तो शब्द त्यांच्या आजीच्या तोंडून ऐकला होता. आम्ही दोघी इतक्या हसलो की माझे टाके ओढले गेले. तेवढ्यात हात पुसत अक्का बाहेर आली, वांगी रंगाच्या साडीत, आम्ही कशाला हसतोय ते बघायला. मला पुढं हसता येईना. तिच्या कपाटातल्या साड्या एकेक करून डोळ्यांपुढून गेल्या. मी ठरवलं की घरी जायच्या आधी अक्काला एक फिकट साडी घ्यायची, जिच्यावर हळदीचा ठिपकासुद्धा लपणार नाही. तिचे आभार मानण्याचा तो माझा मार्ग होता. प्रमोदना जळगावच्या दुकानात उभं करून व्हिडिओ कॉलवर मी स्वतः निवडली. फिकट पिस्ता, बारीक काठ.

ओटी

पाठीला पट्टा बांधून चालायला परवानगी मिळाली. वाकायचं नाही, उचलायचं नाही, पण घरी जायचं. जाण्याच्या दिवशी अक्का माझी ओटी भरणार होती, तिच्या घरून मी कधीच रिकाम्या ओटीनं गेले नव्हते. मी म्हटलं, "पिस्ता साडी नेसून भरायची."

"एवढं फिकं? मी काय नवरी शे का?"

"नेसली नाहीस तर मी ओटी घेणार नाही."

तिनं दोनतीनदा टाळलं. काम पडलंय म्हणाली, ब्लाउज जुळत नाही म्हणाली. मी हट्ट सोडला नाही. मला वाटलं ती लाजते आहे. शेवटी नेसून आली. भाऊजी पेपर खाली ठेवून बघतच राहिले. किती वर्षांनी अक्काचा चेहरा उजळ दिसत होता, आणि किती फिकुटलेला आहे तेही त्याच उजेडात दिसत होतं.

भाऊजी आणि प्रमोद बाहेर गाडीत सामान ठेवायला गेले. मी पाटावर बसू शकत नव्हते म्हणून खुर्चीवर पदर पसरून बसले. अक्कानं गहू घातले, ब्लाउजपीस ठेवला, आणि नारळ घ्यायला देव्हाऱ्याकडे वळली. तिच्या साडीला मागे लाल लागलेलं होतं.

"अक्का, मागे कुंकू सांडलंय बघ साडीला," मी म्हणाले.

तिनं वळून बघितलं नाही. नुसता पदर मागे ओढून घेतला आणि म्हणाली, "हा, कुंकूच शे ते. तू बस जाई गाडीमा."

कुंकवाच्या करंड्याचं झाकण अजून उघडलेलं नव्हतं. मी त्या दिवशी गाडीत बसले नाही.

तिचा आजार

पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली बाई. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंगावरून कधीपासून जातंय?" अक्कानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "थोडसंच जास." माझ्यासमोर ती खरं सांगणार नाही हे ओळखून त्यांनी मला बाहेर पाठवलं. मग आत बोलावून त्यांनीच सांगितलं, दिवाळीपासून. म्हणजे माझ्या ऑपरेशनच्या आधीपासून, कूस बदलण्याच्या सगळ्या दिवसांत. गर्भाशयाचा कॅन्सर होता आणि तो पुढे गेलेला होता. "लवकर आल्या असत्या तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि थांबल्या. ते वाक्य मी रोज पुरं करते.

मग सगळं आठवत गेलं. प्लॅस्टिकचीच खुर्ची, कारण ती पुसता येते. उठताना बसल्या जागेवरून एकदा हात फिरवून बघणं. धुणंवाली यायच्या आत आपले कपडे आपणच धुऊन टाकणं. पायऱ्या चढताना मधेच थांबून तुळशीची पानं खुडणं. हे सगळं माझ्या दिवाणासमोर घडत होतं आणि मला बघण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता. माझ्या लघवीचा लाल रंग पाहून कॉरिडॉरभर धावलेली बाई स्वतःचा लाल रंग गडद साडीत गुंडाळून घरभर फिरत होती. त्या साड्यांतल्या दोन मी सांगून आणवलेल्या होत्या.

मी तिला विचारलं, का नाही सांगितलंस. रागावूनच विचारलं.

"तू पडेल व्हती, मंगल. तुनी पाठ चिरेल व्हती. तवय मी कोणले सांगू? एक घरमा एकच आजारी बरा."

या वाक्याचं मी काय करू? तिच्या घरात ती एक जागा होती आणि मी ती अडवून झोपले होते. मला कुणी दोष देत नाही, भाऊजीसुद्धा नाही. पण मी नुसती बरी झाले असं मला आता म्हणता येत नाही.

तिचं करायला सुरतेहून सून आली. मला वाकायची बंदी, उचलायची बंदी. जिनं मला दोन्ही कुशींना फिरवलं तिला मी उशी सरकवून देण्यापलीकडे काही करू शकले नाही. तिच्या कॉटजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे, तेवढं मात्र सोडलं नाही. श्रावणात, कानबाईच्या सणाच्या थोडं आधी, अक्का गेली.

तुमच्यापैकी कुणी आता कॉटवर असाल तर तुमच्या खुर्चीतल्या बाईकडे बघा. तिला कसं आहे विचारू नका, 'बरं आहे' हे उत्तर तिच्याकडे तयार असतं. काय दुखतंय ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा. पाळी गेल्यानंतर थेंबभर जरी अंगावरून गेलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायला लावा. पुढच्या लग्नाच्या बस्त्यात कुणाच्याही नावानं मळखाऊ साडी घेऊ नका.

शेवटच्या दिवसांत एका दुपारी तिला जरा बरं वाटत होतं. खिडकीतून ऊन पायावर आलेलं. ती म्हणाली, "ती पिस्ता साडी मी धुई ठेवी. डाग काही गया नही. चांगली साडी वाया गयी तुनी."

"वाया नाही गेली, अक्का," मी म्हणाले. "सगळ्या साड्यांत तीच एक कामाला आली."

तिनं त्यावर थोडा विचार केला. मग हसली, मला लहानपणी चिडवताना हसायची तशी.

"मंग पह्यलेच आनती ना व माय."